गोल कंसातला दोन

हे मी आजवर कुणाजवळही बोललेली नाही. आईजवळ नाही, समितीत नाही. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं पत्रकं दुमडली, एका डब्यातून जेवले, त्यांच्याजवळ तर नाहीच. आणि मी काही गप्प बसणारी मुलगी नाही — मला ओळखणारे सांगतील. जळगावातल्या कुठल्याही चौकात मला स्टुलावर उभं करा, मी बोलते. कुणाचं काय चुकलं हे मला लांबूनच दिसतं. कुणाचं म्हणजे — दुसऱ्याचं.

आता लिहिते आहे, तर सुरुवात कुठून करू? लिंकपासून करते. हसू नका. एका लिंकवरून हे सगळं झालं.

आमची समिती — आराखड्यात ज्यांची घरं-जागा जातात त्यांच्यासाठी भांडणारी — पत्रक कसं लिहिते ते आधी सांगायला हवं. साधा मजकूर. रंग नाहीत, फाँटची भानगड नाही. शब्द ठळक करायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना चांदण्या टाकायच्या. लिंक द्यायची असेल तर चौकोनी कंसात तिचं नाव, आणि त्याला चिकटून गोल कंसात तिचा पत्ता. प्रोग्राम हे वाचतो, कंस गिळतो, आणि लोकांना फक्त निळं नाव दिसतं. बोट ठेवलं की कागद उघडतो. एकदा लिहा आणि तोच मजकूर वेबसाइटवर टाका, ग्रुपवर टाका, छापायला द्या. कुठेही तोच दिसणार.

असं सांगतात. खोटं सांगतात!

एका प्रोग्रामला कंसात कंस चालतो. दुसऱ्याला पहिला बंद कंस दिसला की पत्ता तिथेच संपला असं वाटतं. तिसऱ्याला ही पद्धतच ठाऊक नाही. तो सगळे कंस उघडेनागडे दाखवतो आणि मजकुरात पत्त्यासारखं काही दिसलं की आपल्या अकलेने निळं करून टाकतो. कुठपर्यंत निळं करायचं? ज्याची त्याची मर्जी. एक वाक्याचा पूर्णविरामही पत्त्यात ओढतो. एक देवनागरी अक्षर आलं की थबकतो. एक कंस उघडताना दिसला की थांबतो. सगळ्यांसाठी एक नियम असावा म्हणून लोक बसले, त्यांनी नियम लिहिले — आणि पाळायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं. आज सुधारलं तर जुने मजकूर मोडतील, म्हणून कुणी सुधारत नाही. मग मोडतं कुणाचं? ज्याला तक्रार कुठे करायची हेही माहीत नाही, त्याचं.

बघा — पुन्हा तेच. भाषण सुरू झालं माझं. यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरी हे सगळं मी कशाच्या तरी आड उभी राहून बोलते आहे. तीन वर्षं तशीच उभी आहे.

सत्तार चाचांबद्दल सांगते.

चाचा धुळ्याचे. हयात छापखान्यात गेली. शिशाचे खिळे हाताने जुळवायचे त्या काळापासून. खिळे गेले, ऑफसेट आला, छापखान्याने चाचांना घरी पाठवलं. तर साठीनंतर हा माणूस नातीच्या शाळेतून मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकला. आमच्या समितीत आला तो बहिणीसाठी. मेहरू खाला, त्यांची धाकटी बहीण, धुळे जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी राहते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना मी विचारलेलं नाही. पिंजाऱ्यांची गल्ली आहे ती. घरापुढे ओटे, ओट्यावर कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, शिवायच्या. नगरपालिकेच्या आराखड्यात त्या गल्लीतून रुंद रस्ता दाखवला होता. रस्ता झाला की ओटे जाणार. एवढंच प्रकरण. एवढंच — आणि खालाचं सगळं.

धुळ्याकडचा मजकूर चाचा सांभाळायचे. म्हणजे जळगावहून मी लिहून पाठवायचा, त्यांनी धुळ्याच्या ग्रुपवर चढवायचा. ग्रुप जळगावचा असो की धुळ्याचा, अ‍ॅडमिन मीच. छापखान्याची सवय त्यांची गेली नव्हती. सुनेला समोर बसवायचे, तिच्या हातात माझा मजकूर, आणि स्वतः चढवलेला मजकूर मोठ्याने वाचायचे — खुणांसकट. "हरकत नोंदवा, पूर्णविराम. चौकोनी कंस सुरू, हरकतीचा नमुना, चौकोनी कंस पुरा." असं पूर्ण पत्रक. नंतर घरात जेवढे फोन असतील तेवढ्या फोनवर प्रत्येक लिंक दाबून बघायचे. एका पत्रकाला दोन तास.

मला ते बघून संताप यायचा. सांगूनच टाकते. लढाई चालू आहे आणि हा माणूस स्वल्पविराम वाचतोय! जळगावात त्यांची नक्कल करायचे मी. चहाला बसलो की मी "कंस सुरू, बिस्किट, कंस पुरा" म्हणायचे आणि सगळे हसायचे.

नियम माझाच होता: एकच मजकूर, सगळीकडे. माझ्या परवानगीशिवाय एक खूणही बदलायची नाही. हा नियम मी उगाच केला नव्हता. एकदा आमचं एक पत्रक तीन गावांत तीन प्रकारे गेलं होतं, सभेची जागा प्रत्येकात वेगळी, आणि लोक तीन ठिकाणी उभे राहून घरी गेले. तेव्हापासून मी हट्टाला पेटले होते. आणि नियम चालला म्हणून मला मानही मिळाला. जामनेर, रावेर, धरणगाव — ठिकठिकाणच्या समित्या मला बोलवायला लागल्या, तुमची पद्धत शिकवा म्हणून. मी शिकवायचे. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे — एकच मजकूर, सगळीकडे.

आता तो नमुना. नगरपालिकेने पहिला आराखडा मागे घेतला आणि थोडा फिरवून दुसरा काढला. म्हणजे हरकती नव्याने द्यायच्या, नव्या नमुन्यात, वर नव्या आराखड्याचा क्रमांक घालून. मी नवा नमुना केला. फाईलचं नाव जुन्याचंच होतं. आमच्या वेबसाइटवर चढवला, तर जुनी फाईल तिथे होतीच, म्हणून वेबसाइटने आपणहून नव्याच्या नावापुढे, पत्त्याच्या अगदी शेवटी, गोल कंस करून आत दोनचा आकडा टाकला. तुमच्याही फोनमध्ये असं होत असेल. तो पत्ता मी तसाच्या तसा उचलला, पत्रकात टाकला, वेबसाइटवरून माझ्या फोनवर दाबून पाहिला. नवा नमुना उघडला. झालं.

जुनी फाईल काढून टाकायला किती वेळ लागतो? नव्या फाईलचं नाव बदलायला? तुम्ही म्हणाल, लक्षात आलं नसेल. थांबा. लक्षात आणून दिलं होतं.

मी रावेरला होते, केळीच्या पॅकिंग शेडमध्ये. दुपारच्या सुट्टीत तिथल्या कामगार बायकांना फोनवरून पत्रक कसं पसरवायचं ते दाखवत होते. खोक्यांच्या चळतीवर बसलेल्या पंधरा-वीस बायका, बाहेर ट्रक भरायचं चाललेलं. चाचांचा फोन आला. मी तो स्पीकरवर घेतला — का? बायकांना दिसावं म्हणून, की बघा, धुळ्याहून ताईंना विचारायला फोन येतो.

चाचा म्हणाले, "बेटी, नमुन्याच्या पत्त्यात कंसात कंस आलाय. आपल्या ग्रुपला तो झेपत नाही. कंसापाशी पत्ता तुटतो, उरतो तो जुन्याचाच, आणि जुना नमुना उघडतो. तू त्या फाईलचं नाव बदल, नाहीतर जुनी काढून टाक. नाहीतर मला परवानगी दे, मी धुळ्यापुरता पत्ता वेगळा टाकतो."

नीट वाचा हे. लिंक बंद पडत नव्हती. बंद पडली असती तर कुणीतरी ओरडलं असतं. लिंक उघडत होती — चुकीच्या कागदावर. दोन्ही नमुने दिसायला सारखे, वरची एक ओळ सोडली तर. गल्लीतलं कोण ती ओळ ताडून बघणार होतं? फक्त एका माणसाने बघितली, कारण त्याला खुणा वाचायची खोड होती.

आणि मी काय म्हणाले? समोर बायका होत्या. फळ्याऐवजी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी नुकतंच लिहिलं होतं, एकच मजकूर, सगळीकडे. मी म्हणाले, "चाचा, खिळे जुळवायचे दिवस गेले. माझ्याकडे उघडतंय. तुमचाच फोन म्हातारा झाला असेल."

बायका हसल्या. मोकळ्या मनाने हसल्या, त्यांचा काही दोष नाही, मी हसवलंच तसं. चाचांना ते हसू ऐकू गेलं. ते म्हणाले, "ठीक आहे, बेटी. एकदा पडताळून बघ फक्त." मी फोन ठेवला.

नाही पडताळलं. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. खरं सांगू? मला वाटलं होतं की ते बरोबर असतील. फोन ठेवतानाच वाटलं होतं. पण पडताळलं आणि ते बरोबर निघाले, तर पुठ्ठ्यावरचं माझं वाक्य खोटं ठरत होतं. म्हणून नाही बघितलं.

त्या संध्याकाळी चाचांनी धुळ्याच्या ग्रुपवर दोन फोटो टाकले. दोन फोन शेजारी शेजारी ठेवून काढलेले. एकावर जुना नमुना, एकावर नवा, आणि वरच्या क्रमांकाला पेनाचं टोक लावून दाखवलेलं. खाली एक ओळ — "हे जुने उघडत आहे. ताईंनी पाहावे." पूर्णविरामासकट. मी ते पाहिलं. उत्तर दिलं नाही. ग्रुपवर अंगठे, फुलं, सुविचार येत राहिले, फोटो वर सरकत गेले. माझ्या परवानगीशिवाय वेगळं काही पाठवायचं नाही, हा नियम चाचांनी बहिणीपुरताही मोडला नाही.

गल्लीने हरकती भरल्या. झेरॉक्सच्या दुकानात रांग लावून कागद काढले. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. गल्लीच्या टोकाला दगडू आबांचं घर आहे — शेतकरी माणूस, त्यांचा ओटा जाणार नव्हता, तरी गठ्ठा छातीशी धरून नगरपालिकेत तेच गेले. मुदत संपली. मग एका सकाळी आबांचा फोन आला.

"ताई, बठ्ठा कागद जुना शेतस म्हने. एकबी घेतला नही."

सगळे कागद जुने. रद्द झालेल्या आराखड्यावरच्या हरकती — विचारात घेता येत नाहीत. सुनावणीही नाही. हरकतच नाही, तर सुनावणी कसली?

मी म्हणाले, आबा, बघते मी. आणि बघितलं. धुळ्याचा ग्रुप उघडला, लिंक दाबली. जुना नमुना उघडला. चाचांनी सांगितलं होतं तसाच, तिथेच तुटून.

आता ते सांगते ज्यासाठी हे लिहायला बसले. इथवर सांगितलं तो नुसता माज होता. माज पुष्कळांना असतो.

मी ग्रुपमध्ये वर गेले. सुविचार, फुलं, अंगठे ओलांडत. चाचांचे ते दोन फोटो सापडले, खालची ओळ सापडली. मी अ‍ॅडमिन होते. तिन्ही काढून टाकले — सगळ्यांसाठी.  किती जणांनी पाहिलं असेल, कुणाला कळलं असेल, याचा मी शांतपणे हिशेब करत होते. फोटोंवर एकही अंगठा नव्हता. म्हणजे बहुतेक कुणाला कळलं नव्हतं. मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं.

पुढच्या रविवारी जळगावात बैठक झाली. धुळ्याची मंडळी आली होती, चाचाही. आता वरच्या पातळीवर अपील करायचं होतं आणि ते माझ्या नावाने व्हायचं होतं, कारण बोलणारी मीच. कुणीतरी विचारलंच — जुना नमुना लोकांकडे गेला कसा? मी उभी राहिले. म्हणाले की जळगावहून मजकूर बरोबर गेला होता, धुळ्याला चढवताना लिंकमध्ये गडबड झाली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, धुळ्याला चढवणारा माणूस एकच होता.

चाचांनी खिशातून फोन काढला.  ते फोटो ग्रुपवरून गेले तरी त्यांच्या फोनमध्ये असणारच होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, त्यावर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नजर चुकली असेल माझी. वय झालं."

का? मी कधी विचारलं नाही. अपील मोडू नये म्हणून? की मी स्वतःहून बोलेन म्हणून वाट बघत होते? वाट बघण्याइतका वेळ त्यांनी दिला होता — हात फोनवरून लगेच काढला नव्हता. आणि मी त्या वेळात काय केलं, माहीत आहे? त्यांचं कौतुक केलं. म्हणाले, चूक कबूल करायला धैर्य लागतं, चाचांकडून आपण हे शिकायला हवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग ठराव झाला, धुळ्याचा मजकूर यापुढे चाचांकडे नको.

त्यानंतर मी तो लेख लिहिला. तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल, खूप फिरला. प्रोग्राम बनवणाऱ्यांना त्यात मी फाडून खाल्लं होतं. एक नियम करा, सगळे पाळा, तुमच्या मर्जीपायी गरिबाचा अर्ज मोडतो. वर प्रोग्रामांबद्दल लिहिलेलं सगळं त्यातलंच आहे. लोकांनी नागपूर-पुण्याहून फोन केले, काय सणसणीत लिहिलंस म्हणाले. त्या लेखात मधेच एक वाक्य होतं, "स्थानिक पातळीवर टायपिंगची चूक झाली, ती मोठ्या मनाने मान्यही करण्यात आली." मोठ्या मनाने! हे मी लिहिलं. प्रोग्राम कंसापाशी थांबत होता, खरं आहे. पण त्याला कुणी फोन करून सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

अपील फेटाळलं गेलं. रस्ता झाला.

खालाचा ओटा गेला. मागची खोली राहिली, तिच्यात एक पलंग आणि शिलाई मशीन. पूर्ण गादी पसरायला तिथे जागा नाही. म्हणून आता मेहरू खाला फक्त उशा शिवते. मी गेले होते एकदा, अपिलाचा कागद द्यायला. उशांच्या ढिगामागे बसली होती. मला चहा दिला. म्हणाली, ताई, तुम्ही तर खूप केलंत, आमच्याच माणसाने घालवलं. भाईजानशी, म्हणजे चाचांशी, ती बोलत नाही. ईदला त्यांच्या घरी जात नाही, ते आले तर मागच्या खोलीत जाऊन बसते. दोन खुणा नीट बघता आल्या नाहीत त्यांना, म्हणाली, आणि आयुष्यभर छापखान्यात होते म्हणे.

मी चहा प्यायले. कप खाली ठेवला. दरवाजापर्यंत गेले, चपला घातल्या. मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकलं. आणि स्टँडवर येऊन जळगावची गाडी पकडली.

तिथेच सांगता आलं असतं. चार वाक्यांचं काम होतं. मोर्चापुढे पोलिसांच्या दोऱ्या असताना मी घाबरत नाही, आणि उशा शिवणाऱ्या एका बाईसमोर माझं तोंड उघडलं नाही.

तेव्हा आता लिहिते, आणि फिरवून लिहीत नाही. नमुन्याची चूक सत्तार चाचांची नव्हती. त्यांनी ती ओळखली, फोन करून सांगितली, फोटो काढून दाखवली. फाईलचं नाव मी बदललं नाही. त्यांना बदलू दिलं नाही. पुरावा मी काढून टाकला. बैठकीत खोटं मी बोलले, लेखात खोटं मी लिहिलं. समितीला हे आज कळवलं आहे. हा मजकूर कागदावर छापला आहे, लिंक एकही नाही, आणि पहिली प्रत घेऊन मी उद्या सकाळी त्या गल्लीत जाते आहे. खालाला मराठी वाचता येत नाही. मी वाचून दाखवेन.

धुळ्याचा ग्रुप अजून चालू आहे. कुणी खूप वर सरकवत गेलं तर सुविचारांच्या आणि फुलांच्या मधे एक राखाडी पट्टी लागते, एकाखाली एक तीन ओळी — अ‍ॅडमिनने हा मेसेज हटवला आहे. लोक ती ओलांडून पुढे जातात. तिथे काय होतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.